मेरिटचे नवशिके

श्रीशैल सरांच्या केबिनमध्ये तनुजा एकच कागद घेऊन गेली, आणि तिची पहिली चूक तीच झाली. लातुरात एका कागदावर काहीच सुरू होत नाही. इथे बालवाडीच्या प्रवेशालाही माहितीपुस्तिका लागते, तिच्यावर गेल्या वर्षीच्या यशवंतांचे फोटो लागतात, आणि ते यशवंत साडेतीन वर्षांचे असले तरी त्यांच्या गळ्यात टाय लागतो.

कागदावर मजकूर साधा होता. सातवीची दहा मुलं, उन्हाळ्याच्या सुट्टीतले सहा दिवस, प्रत्येकाला एक पेटी. पेटीत दोन मोटारी, चाकं, एक सर्किट बोर्ड आणि थोड्या वायरी. मुलांनी पेटी स्वतः उघडायची, गाडी स्वतः जोडायची, कॉम्प्युटरवर चार-सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा आणि गाडी पळवायची. शेवटी ठळक अक्षरांत एक ओळ होती : पूर्वज्ञानाची गरज नाही.

सरांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. श्रीशैल सर म्हणजे 'शिवश्री फाउंडेशन क्लासेस'चे संचालक. मूळचे उदगीरचे. वडील माणिकप्पा यांनी जन्मभर दुकानात कापड मोजलं. मुलाने लातुरात येऊन पोरं मोजायला घेतली, आणि धंद्यात बरकत आली.

"पूर्वज्ञानाची गरज न्हाई? मग घ्यायचं कुणाला?"

"ज्यांना काहीच येत न्हाई त्यांना, सर," तनुजा म्हणाली. "नवशिक्यांचं वर्कशॉप हाय."

"ते कळलं मला. पण काहीच येत न्हाई ह्यात पहिला नंबर कुणाचा, हे कळायला नको का?"

तनुजाला क्षणभर वाटलं, सर चेष्टा करतायत. पण सर चेष्टा करत नसत. चेष्टेला वेळापत्रकात तास नव्हता.

शेजारच्या खुर्चीत भागवत सर बसले होते. क्लासचा परीक्षा विभाग त्यांच्याकडे. जगात जे जे काही आहे त्याचे चार पर्याय होतात आणि त्यातला एकच बरोबर असतो, या श्रद्धेवर त्यांचं आयुष्य उत्तम चाललं होतं. ते पुढे सरसावले. "निवड परीक्षा घेऊ. बरोबरला प्लस चार, चुकलं तर मायनस एक. वरचे दहा उचलू."

"पण सर, ज्याला आधीच येतंय तोच वर येईल. मग तो नवशिका कसा?"

"नवशिकाच. फक्त मेरिटचा."

तनुजाने परीक्षेला होकार दिला. कारण तिला हे वर्कशॉप पाहिजे होतं, आणि किती पाहिजे होतं हे या दोघांना सांगून उपयोग नव्हता.

तनुजा भोकरची, क्लासमध्ये सातवीला विज्ञान शिकवायची. वडील शेषेराव शेतकरी, घरचं सगळं व्यवस्थित. नांदेडला चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पहिल्या वर्गात पास झाली, आणि त्या चार वर्षांत तिने स्वतःच्या हाताने एकही वस्तू चालवली नाही. कॉलेजची लॅब होती, लॅबमध्ये काचेचं कपाट होतं, कपाटात यंत्रं होती, आणि कपाटाला कुलूप होतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी कपाट उघडायचं, सगळ्यांनी दर्शन घ्यायचं, "हात लावू नका, बिघडंल" हे ऐकायचं आणि मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवायचे. देवळात निदान प्रसाद तरी मिळतो.

मग मागच्या दिवाळीत तिने तशी एक पेटी स्वतःसाठी विकत घेतली. भाड्याच्या खोलीत पहिला बोर्ड जाळला. घरमालकीणबाई वास घेत वर आल्या. दुसरा बोर्ड आणला, पुन्हा काहीतरी उलटं जोडलं, रडली, पुन्हा सोडवलं. आणि शेवटी ती गाडी खरखर करत कॉटखाली गेली, तेव्हा पंचविसाव्या वर्षी इंजिनिअर झाल्यासारखं तिला वाटलं. हा आनंद आपल्याला बाराव्या वर्षी मिळायला हवा होता, एवढंच तिचं म्हणणं. तो दहा पोरांना द्यायचा, आणि नुसता सहा दिवस नाही, कायमचा द्यायचा, तर त्याला जागा हवी. क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर मोडक्या बाकांची एक बंद खोली होती. त्या खोलीसाठी तनुजा रोज सरांच्या मागे लागली होती.

सरांनी ड्रॉवरमधून त्या खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "वर्कशॉप जमलं तर खोली तुमची. लॅब करा, का करायचं ते करा. पण सहाव्या दिवशी पालकांसमोर दहाच्या दहा गाड्या पळाल्या पाहिजेत. न्हाई पळाल्या तर पुन्हा हा विषय माझ्यासमोर काढायचा न्हाई."

एवढं बोलून किल्ली परत ड्रॉवरमध्ये गेली.

*

निवड परीक्षेची जाहिरात लागली आणि लातूरने आपला गुण दाखवला. आठवडा होतो न होतो तोच समोरच्या गल्लीत फलक लागला : 'नवशिक्यांच्या रोबोटिक्स निवड परीक्षेची खात्रीशीर तयारी.' म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यानेच जिथे जायचं, त्या वर्कशॉपला जाण्यासाठी सगळं शिकवणारा क्लास. त्या क्लासला गर्दी फार झाली, म्हणून त्यानेही एक छोटी प्रवेश परीक्षा ठेवली. तिची तयारी कुठे करून घेतात, याची पालक चौकशी करू लागले.

जळकोटहून वर्षाराणी नावाच्या बाई मुलाला, सत्यमला, घेऊन आल्या आणि क्लासजवळ खोली घेऊनच राहिल्या. नवरा गावाकडे, सासू गावाकडे, इकडे मायलेक, गॅसची शेगडी आणि प्रश्नसंच. सत्यम सकाळी उठून 'रोबोट म्हणजे काय' याच्या तीन व्याख्या म्हणायचा. त्याने अख्खा प्रोग्रॅम पाठ केला होता, सेमिकोलनसकट. रस्त्याने जाताना तो प्रोग्रॅम पुटपुटत जायचा आणि समोरून येणाऱ्याला वाटायचं, पोरगं स्तोत्र म्हणतंय. काय गुणी लेकरू!

गंजगोलाईच्या बाजारात तेलाचं दुकान असलेले बसवंतआप्पा मुलीला, दामिनीला, घेऊन चौकशीला आले. त्यांनी तनुजाला एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, ह्याचा नीटला उपयोग होतो का?"

"न्हाई, आप्पा."

"जेईईला?"

"तिथंबी न्हाई."

आप्पांनी विचार केला. फायदा नसलेली वस्तू इतक्या लोकांनी रांगेत उभं राहून घ्यावी, म्हणजे आतली काहीतरी गोष्ट असणार, आणि ती ही मॅडम आपल्याला सांगत नाही, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी लगेच नाव नोंदवलं. दामिनी तेवढ्यात काउंटरवरचा पेन उघडून त्यातली स्प्रिंग बाहेर काढत होती. आप्पांनी तिच्या हातावर चापट मारली.

त्याच संध्याकाळी भोकरहून शेषेरावांचा फोन आला. "का करायलीस बाई सध्या?"

"पोरांना गाडी बनवायला शिकवणार हाय, बाबा."

"चालती का?"

"चालंल."

"मंग झालं की," म्हणून त्यांनी फोन ठेवला. सबंध महिन्यात मुद्द्याचा प्रश्न विचारणारा हा एकच माणूस तनुजाला भेटला.

*

निकाल लागला. क्लासच्या दारावर दहा नवशिक्यांचा भला मोठा फ्लेक्स चढला. प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा, खाली क्रमांक, आणि वर 'रोबोटिक्समधील आमचे गुणवंत'. यातल्या एकानेही अजून रोबोट पाहिला नव्हता, पण ही गोष्ट फ्लेक्सवर लिहिण्यासारखी नव्हती. पहिला अर्थातच सत्यम. दहावी दामिनी, काठावर. फोटोत तिचा फेटा डोळ्यांवर आला होता.

पहिल्या दिवशी तनुजाने प्रत्येकासमोर एक पेटी ठेवली आणि म्हणाली, "उघडा."

कुणीच हललं नाही. दहाही जण ताठ बसले होते, हात मांडीवर. पेट्यांकडे असे बघत होते की जणू आत साप आहे. तनुजाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती पुन्हा म्हणाली, "अरे, उघडा ना. तुमच्याच हायत."

सत्यमने हात वर केला. "मॅडम, चुकलं तर मायनस किती?"

"मायनस बियनस काही न्हाई. चुकू द्या."

"मग प्लस?"

"प्लसबी न्हाई."

वर्गात चुळबुळ झाली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला प्लस नाही आणि मायनसही नाही असं काम आयुष्यात कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. यात नक्की काहीतरी डाव आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग सत्यमने सुरक्षित मार्ग काढला. त्याने उभं राहून अख्खा प्रोग्रॅम खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. एकही सेमिकोलन चुकला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. पेट्या बंदच.

दुपारी भागवत सर डोकावले. "किती सिलॅबस झाला?"

"पेट्या उघडायच्या हायत अजून."

"मग ते सोडून द्या की. माझ्या ओळखीचा एक जण हाय, मोबाईल रिपेअरवाला. पाचव्या दिवशी बसवतो, सगळ्या गाड्या जोडून देतो. पोरांनी नुसतं बटन दाबायचं."

"आणि मग पोरं काय शिकली?"

"बटन दाबायला," भागवत सर म्हणाले, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना खरोखरच वाटलं नाही.

तनुजा केबिनमध्ये गेली, तर श्रीशैल सरांनीही मान डोलावली. सहाव्या दिवशी गाडी पळते की नाही हे पालक बघतात. कुणी पळवली हे कुणी विचारत नाही, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. तनुजाचं डोकं तापलं. हे तर तेच काचेचं कपाट झालं, फक्त आता त्याला बटण बसवलं. ती खोलीवर गेली, जेवली नाही, आणि रागातच तिला एक युक्ती सुचली. रागात सुचलेल्या युक्तीबद्दल माणसाने जरा सावध राहावं, पण ते तिला नंतर कळलं.

*

दुसऱ्या दिवशी तिने फळ्यावर लिहिलं : स्वतः केलेल्या प्रत्येक चुकीला प्लस चार. बरोबरला शून्य.

मुलांनी ते दोनदा वाचलं. सत्यमने विचारलं, "खरंच?" ती म्हणाली, "खरंच." आणि मग जे झालं त्यावरून सरांची सगळी कमाई ओवाळून टाकावी.

पेट्या फाटल्या. उघडल्या नाहीत, फाटल्या. कुणी बॅटरी उलटी घातली, कुणी चाकच मोटारीत न बसवता हातात धरून फिरवलं. एकाची गाडी पुढे जायच्या ऐवजी मागे मागे गेली आणि त्याच्याच पायाला धडकली, तर तो इतका हसला की बाकावरून पडला. कुठूनतरी जळका वास आला. दामिनीची गाडी जागच्या जागी गोल फिरायला लागली, कारण तिने एक मोटार सुलटी आणि एक उलटी जोडली होती. दामिनी गालांवर हात ठेवून बघत राहिली आणि ओरडली, "मॅडम, ही लई येडी हाय!" सत्यमनेसुद्धा एक वायर चुकीच्या भोकात घातली आणि इकडेतिकडे पाहिलं. आकाश कोसळलं नाही. मग त्याने दुसरीही घातली.

तनुजाला भरून आलं. दिवसभर ती या बाकावरून त्या बाकावर नुसती पळत होती आणि घसा बसेपर्यंत बोलत होती. असंच चाललं तर उरलेल्या दिवसांत दहाही गाड्या नीट होतील, पोरांच्याच हातून होतील, आणि ती खोली आपली होईल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. संध्याकाळी निघताना तिने जिन्यातून वर जाऊन त्या खोलीच्या बंद दाराला हात लावून पाहिला.

पण पोरं संध्याकाळी घरी गेली, आणि घरी पालक होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या दारात घोळका उभा. सगळ्यात पुढे बसवंतआप्पा.

"मॅडम, आमच्या दामिनीच्या दोनच चुका कशा? त्या जळकोटच्या पोराच्या पाच हायत म्हणं."

"आप्पा, तिनं दोनच केल्या."

"दोनच कशा करंल? घरी तर सारखी चुकते! पुन्हा तपासा."

मागून वर्षाराणीबाई म्हणाल्या, "आमच्या सत्यमची सहावी चूक तुम्ही धरली न्हाई. त्यानं पाठ केलेला प्रोग्रॅम मुद्दाम अर्धवट लिहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा काही अर्धवट सोडलं लेकरानं, आणि त्याचे मार्क न्हाईत?"

तनुजाने समजावून पाहिलं की मार्क हे निमित्त आहे, हात लावणं महत्त्वाचं आहे. पालकांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि विचारलं की मग चुकांची आन्सर की कधी मिळेल.

चौथ्या दिवशी मुलं आली ती चुकांची तयारी करूनच. समोरच्या गल्लीतल्या क्लासने 'संभाव्य चुका' आदल्या दिवशीच छापल्या होत्या, महत्त्वाच्या चुकांना तारा करून. दहातल्या नऊ मुलांनी आधी लाल वायर काळीच्या जागी जोडली, मग बॅटरी उलटी घातली, मग डावं चाक काढलं. सगळ्यांनी, त्याच क्रमाने, जवळजवळ एकाच वेळी. कुणी हसलं नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सत्यमने अकरा चुका विनाचूक केल्या आणि हाताची घडी घालून बसला.

"अरे, आता गाडी सरळ कर की," तनुजा म्हणाली.

"सरळ केली तर शून्य हाय ना, मॅडम."

तिला त्याच्यावर रागावता आलं नाही. नियम तिचाच होता. तिने फळा पुसला, म्हणाली, मार्क बंद, आता नुसती गाडी चालवायची. नऊ जणांनी हात परत मांडीवर ठेवले. दोन दिवसांपूर्वी बाकावरून पडेपर्यंत हसलेला पोरगा पहिल्या दिवसासारखाच ताठ बसला होता, आणि ते पाहून तनुजाला रडू आलं. ती पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर जाऊन आली.

परत आली तर दामिनी जमिनीवर पालथी पडली होती, गाल फरशीला लावून. समोर तिची गाडी. तिने मोटारी केव्हाच सुलट्या केल्या होत्या. बाकीचे चुका जमवत होते तेव्हा हिचा हिशेब दोनावरच थांबला होता.

"काय गं?"

"मॅडम, प्रोग्रॅममध्ये मी दोन्ही चाकांना सारखाच आकडा दिला. तरी ही डावीकडंच का जायली?"

तनुजाने गाडी चालवून पाहिली. डावीकडे. उलटसुलट करून पाहिली. डावीकडेच. तिच्या दिवाळीच्या गाडीने असं कधी केलं नव्हतं. ती म्हणाली, "मला न्हाई माहीत."

दामिनीने चमकून वर पाहिलं. मॅडमला माहीत नाही, हे मॅडमने सांगावं, हा प्रकार तिला नवा होता. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते काही औरच होतं. "मग बघू," ती म्हणाली, आणि दोघी फरशीवर बसल्या. उजव्या चाकाचा आकडा कमी करून पाहिला, तर गाडी थोडी सुधारली आणि पुन्हा वळली. अजून कमी केला, तर रांगायला लागली. पाचवा दिवसही त्यातच गेला. तनुजाला बाकीच्या नऊ जणांचं भान होतं, मनाला टोचतही होतं. पण ते नऊ जण भागवत सरांनी दिलेला सराव संच सोडवत बसले होते आणि त्यांना कुणाचीच गरज नव्हती.

संध्याकाळी भागवत सर एक मोठी पिशवी घेऊन आले. "गाड्या द्या. मोबाईल रिपेअरवाला येऊन बसलाय." नऊ जणांनी मुकाट्याने गाड्या पिशवीत टाकल्या. दामिनीने आपली दप्तरात कोंबली आणि पेटी तेवढी रिकामी पुढे केली.

"गाडी कुठाय?"

"घरी राहिली, सर," दामिनी म्हणाली. ती पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर त्याच गाडीशी खेळत होती. भागवत सरांनी तनुजाकडे पाहिलं. तनुजाने खिडकीबाहेर पाहिलं.

*

सहाव्या दिवशी हॉल भरला. पुढे सोफा, सोफ्यावर पाहुणे. पाहुण्यांच्या अंगावर शाली, मांडीवर नारळ, आणि मे महिन्याचा उकाडा. सत्काराला कार्यक्रमाचा अर्धा वेळ गेला, आणि तो वाया गेला असं कुणालाच वाटलं नाही.

मग पोरांनी एकेक करून बटणं दाबली. नऊ गाड्या दोरी लावल्यासारख्या सरळ गेल्या. टाळ्या झाल्या, मोबाईल वर झाले, वर्षाराणीबाईंनी डोळे टिपले. सत्यम आपल्या गाडीकडे बघतही नव्हता. तो आईच्या मोबाईलकडे बघत होता.

शेवटी दामिनीची गाडी निघाली. चार हात गेली, डावीकडे वळली, सोफ्याखाली शिरली आणि एका पाहुण्याच्या चपलेत अडकून घरघरत राहिली. कुणीतरी हसलं. बसवंतआप्पांनी मान खाली घातली. दामिनी धावत गेली, तिने ती चप्पल बाजूला केली, गाडी उचलली आणि तिथेच सोफ्यासमोर मांडी घालून ती उलटी करून बघायला लागली. "उठ बेटा, झालं आता," श्रीशैल सर म्हणाले. तिला ऐकूच गेलं नाही.

सरांनी माइक घेतला. दुसऱ्या हातात त्यांनी दुसऱ्या मजल्याची ती किल्ली सगळ्यांना दिसेल अशी धरली होती. दहातल्या नऊ पळाल्या होत्या, आणि भरल्या हॉलमध्ये नऊला दहा म्हणायला सरांना अडचण नव्हती. "पालकहो, आज आपण कायमस्वरूपी रोबोटिक्स लॅबची घोषणा करत आहोत. ही किल्ली तनुजा मॅडमची. पण त्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकू. मॅडम, सांगा बरं, ह्या सगळ्या गाड्या कुणी बनवल्या?"

माइक तिच्या हातात आला. उत्तर एका शब्दाचं होतं. 'मुलांनी' म्हणायचं, किल्ली घ्यायची आणि वर जायचं. सोमवारपासून ती खोली झाडून घेता आली असती. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीतरी, खरी पोरं खऱ्या गाड्या बनवतील, तोवर थोडंसं चालवून घ्यायचं. तनुजाने हे सगळं मनात म्हणून पाहिलं. मग तिला तिच्या कॉलेजचे सर आठवले. तेही कधीतरी असंच काहीतरी मनात म्हणाले असणार.

"नऊ गाड्या मोबाईल रिपेअर करणाऱ्या माणसानं जोडल्या," ती म्हणाली. "वाकडी गेली ती दामिनीनं बनवली."

भागवत सरांनी डोळे मिटून घेतले. आता पालक उठतील, फसवलं म्हणतील, आरडाओरडा होईल, आणि झाला तर बरंच, असं तनुजाला वाटत होतं.

वर्षाराणीबाई उठल्या. "म्हणजे वाकडी चालवायची आमच्या सत्यमला शिकवलीच न्हाई?"

"हाव ना," मागून एक जण म्हणाला. "आम्हीबी तेवढीच फीस भरलीय. तिलाच का वाकडी?"

"वाकडीच खरी अवघड असती, मला आधीच वाटलं होतं!"

बसवंतआप्पांची मान वर आली. त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. आपल्या पोरीकडे दुसऱ्यांच्या पोरांपेक्षा काहीतरी जास्त आहे, एवढं त्यांना कळलं, आणि तेवढं पुरलं.

श्रीशैल सर म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. माइक पुन्हा त्यांच्या हातात कधी गेला हे तनुजाला कळलंसुद्धा नाही. "पालकहो, शांत राहा. वाकडी ही ॲडव्हान्स बॅच आहे. जागा दहाच. रविवारी निवड परीक्षा. नावं भागवत सरांकडं द्या." आणि परीक्षेचे पेपर ठेवायला जागा लागते म्हणून ती किल्ली त्यांनी तिथल्या तिथे भागवत सरांच्या हातात दिली. भागवत सरांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. पाहुणे नारळ सावरत उठले, पालक टेबलाकडे धावले, खुर्च्या पडल्या.

तनुजाला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं नाही. ती दामिनीजवळ जाऊन खाली बसली.

"मॅडम, सापडलं," दामिनी म्हणाली. तिने नखाने डाव्या चाकाच्या दांड्याभोवती गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. लांब, काळा केस होता. तिचाच. मोटारी सुलट्या करायला गाडीवर वाकली होती, तेव्हाच कधीतरी गुंतला असणार. "हा चाकाला धरून ठेवत होता. आकड्याचा काही दोषच नव्हता."

कोपऱ्यातला लॅपटॉप तिने ओढून घेतला, गाडीला वायर जोडून दोन्ही चाकांचे आकडे पुन्हा सारखे केले, वायर काढली आणि गाडी फरशीवर ठेवली.

गाडी निघाली. पडलेल्या खुर्च्यांच्या मधून, टेबलाभोवतीच्या गर्दीच्या पाठीमागून, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती सरळ गेली. एवढीशीसुद्धा कुठे वळली नाही. पाहणाऱ्या दोघीच होत्या. तनुजाने दामिनीचा हात इतका घट्ट धरला होता की ती पोरगी "आई गं" म्हणाली.

गाडी समोरच्या भिंतीवर आपटली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. दामिनी काही वेळ तिच्याकडे बघत बसली.

"मॅडम, हिला भिंत दिसत न्हाई का?"

"न्हाई दिसत."

"मग दिसायला काय करावं लागंल?"

तनुजाने टेबलाकडे पाहिलं. भागवत सर नावं लिहून घेत होते आणि खिशातून किल्लीचं टोक बाहेर दिसत होतं. वरची खोली हातची गेली होती, टेबल नव्हतं, सोमवारी नोकरी असेल की नाही तेही ठाऊक नव्हतं.

"आधी तिला इकडं घेऊन ये," ती म्हणाली आणि बसायला नीट जागा व्हावी म्हणून तिने मधल्या दोन खुर्च्या बाजूला सारल्या.